तळपायाला जखम आहे पण दुखत नाहीये, म्हणजे चांगलंच ना?

शेवंती
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

माझे वडील (आम्ही दादा म्हणतो), वय ६९, कऱ्हाडजवळ गावी असतात, शुगर १७ वर्षांपासून. गोळ्या चालू आहेत, इन्सुलिनला "एकदा लागलं की सुटत नाही" म्हणून ठाम नकार. दिवाळीला गेले तेव्हा आई हळूच म्हणाली, दादांच्या पायाला भोक पडलंय. भोकच म्हणाली ती. बघितलं तर उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मागे जो उंचवटा असतो ना तिथे, जुन्या चार आण्याएवढं गोल, कडा पांढऱ्या आणि जाड, मध्ये लालसर ओलं. कधीपासून विचारलं तर म्हणे गणपतीत असेल. आणि हा माणूस त्या पायाने रोज मळ्यात जाऊन येतो, सोमवारी देवळाला अनवाणी प्रदक्षिणा घालतो! का, तर "दुखत नाय गं काय".

गावातले डॉक्टर ड्रेसिंग करतायत, मलम झालं, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. जखम जरा कमी होते आणि परत तेवढीच होते. तर प्रश्न असा की दुखत नाही म्हणजे बरी होत आलीय असं समजायचं का? आणि न्यायचं कोणाकडे, स्किनवाले, हाडाचे की शुगरवाले? प्लीज घाबरवू नका, आधीच झोप उडालीय.

तिरफळ
इन्सुलिन सुटत नाही म्हणून घेत नाहीत आणि चहातली साखर सुटत नाही म्हणून घेतात, बरोबर? (आमच्या घरीही सेम नमुना आहे, दिवे घ्या)

शेवंती
@तिरफळ चहा बिनसाखरेचाच घेतात हो, भाकरीबरोबर काकवी. कऱ्हाड आहे ते.

गुळपोळी
काही घाबरू नका. आमच्याकडे मालवणात आजी भिरंडेल लावायची, म्हणजे कोकमाचं तेल, थोडं वितळवून भेगांत भरायचं आणि वर मोजे. जळवाता आठवड्यात बऱ्या. वडिलांना रात्री कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसवा आणि मग हे लावा, वर चिमूटभर हळद.

डॉ_साधासुधा
सर्जन आहे, माझी निम्मी ओपीडी पायांचीच असते, म्हणून जरा लांबण लावतो.

शेवंती, दुखत नाही हीच तर वाईट बातमी आहे. बऱ्याच वर्षांच्या शुगरने नसा खराब होतात आणि सगळ्यात लांबच्या नसा आधी जातात, म्हणून बोटांपासून सुरुवात होऊन मोजा घातल्यासारखा पाय बधिर होत वर येतो. आधी मुंग्या, रात्री आग, आणि मग एक दिवस सगळं शांत. पेशंट खूश होतो की आग थांबली. तिथेच घात होतो.

त्याच नसा घाम आणणाऱ्या, पायाचे छोटे स्नायू चालवणाऱ्या. त्या गेल्या की कातडी कोरडी पडून तडकते, बोटं वाकतात, आणि तळव्याची हाडं खाली टेकायला लागतात. तुम्ही सांगितलेल्या उंचवट्यावर सगळा भार. तिथे घट्टा होतो. तुमचा माझा घट्टा दुखतो, आपण पाय तिरका टाकतो, चप्पल बदलतो. यांना काही कळतच नाही, म्हणजे हा माणूस दिवसभर पायाखाली खडा घेऊन चालतोय. घट्ट्याखाली रक्त साकळतं, कातडी आतून मरते आणि मग फुटते. ते झालं भोक. पांढरी जाड कड म्हणजे तोच घट्टा.

मलमाने बरं होत नाही कारण मलम लावून ते परत त्याच जागेवर उभे राहतात. गवंड्याने दिवसभर भिंत बांधायची आणि संध्याकाळी रेड्याने येऊन धडक द्यायची, असं रोज चाललंय. कुठलं मलम हा प्रश्न दुय्यम आहे. त्या जागेवरचा भार काढणं हे औषध.

आता काय करायचं. सर्जनकडे न्या, शक्यतो पायाच्या जखमा नेहमी बघणाऱ्या. त्याने तीन गोष्टी बघितल्याच पाहिजेत. एक, रक्त पोचतंय का. पावलावरची आणि घोट्यामागची नाडी हाताने, आणि घोट्याचं प्रेशर भागिले हाताचं प्रेशर. ०.९ च्या खाली आलं तर रक्तवाहिनी अरुंद आहे. पण शुगरवाल्यांच्या वाहिन्या चुनखडी जमून कडक होतात, त्यामुळे १.३ च्या वर आलं तर पेढे वाटू नका, तो आकडा फसवा असतो. दोन, जखम खोल किती. निर्जंतुक सळई आत घालून ती हाडाला टेकते का बघतात, टेकली तर हाडात इन्फेक्शन असण्याची शक्यता बरीच. एक्स-रे काढतात पण सुरुवातीचे दोनतीन आठवडे त्यात काही दिसत नाही. तीन, शुगर.

पाय सुजला, लाल झाला, वास आला, ताप आला, कुठे काळं पडलं, शुगर एकदम चढली, यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंट बघत बसू नका, त्याच दिवशी ॲडमिट.

@गुळपोळी भिरंडेल टाचेच्या कोरड्या भेगांना उत्तम, मीही लावतो. उघड्या जखमेत नाही. आणि बधिर पाय गरम पाण्यात बुडवणं तर अजिबात नाही, पाणी किती गरम आहे ते त्या पायाला कळत नाही. 'कोमट आहे' म्हणत पाय भाजून आलेले मी बघितलेत, कातडी मोज्यासारखी निघते.

गुळपोळी
बाप रे. मीठपाणी मागे घेते. भिरंडेल मात्र मागे घेणार नाही, ते भेगांपुरतं कायम.

उगाच_एक
डॉक्टर, रागावू नका, पण तुमच्या लोकांकडे गेलं की आधी बोट कापायची भाषा. माझ्या काकांचं असंच झालं. करंगळी काळी पडली म्हणून कापली, मग शेजारचं बोट, मग अर्धं पाऊल, मग गुडघ्याखाली. आठ महिन्यांत चार ऑपरेशनं. नाव घेत नाही हॉस्पिटलचं. शेवटी काकू म्हणाल्या एकदाच काय ते कापा ना, हप्त्याहप्त्याने काय कापताय.

डॉ_साधासुधा
रागावत नाही. उलट विचारतो, पहिली करंगळी कापायच्या आधी पायाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर, म्हणजे रक्त किती वाहतंय ते बघणारी सोनोग्राफी, केला होता का?

उगाच_एक
चुलतभावाला विचारलं. नाही. तिसऱ्या ऑपरेशनच्या वेळी केला.

डॉ_साधासुधा
तेच. रक्तच पोचत नसेल तर कापलेली जागाही भरत नाही, ती काळी पडते, मग आणखी वर कापायचं. अँजिओप्लास्टी पायाचीही होते, हृदयाचीच होते असं नाही. आधी रक्त आणायचं, मग लागेल तेवढंच कापायचं. (पू भरलेला असेल तर मात्र तो आधी काढावा लागतो, त्याला थांबता येत नाही.) काकांबद्दल वाईट वाटलं.

निवृत्त_कंडक्टर
मी पण पायाच्या जखमेवाला. एस.टी.त ३१ वर्षं उभ्याने काढली. माझी जखम घोट्याच्या वर आतल्या बाजूला, आजूबाजूची कातडी तपकिरी झालेली, खाज प्रचंड, पाणी गळायचं, दीड वर्षं. सगळे म्हणायचे शुगर असणार, शुगर तपासून तपासून बोटांना भोकं पडली, नॉर्मल. शेवटी एका बाईडॉक्टरांनी उभं करून पोटरी बघितली, शिरा फुगून गांडुळांसारख्या. त्यांनी पावलापासून गुडघ्यापर्यंत घट्ट थरांचं बँडेज बांधलं, दर आठवड्याला नवीन, आणि बसलो की पाय छातीच्या वर. तीन महिन्यांत भरली. मग शिरांची लेझर केली. तर सांगायचं असं की शेवंतीताईंनी वडिलांना असं घट्ट बँडेज बांधून बघावं.

डॉ_साधासुधा
नको नको नको! कंडक्टरसाहेब, तुमची जखम नीलांची होती, अशुद्ध रक्त खाली साचून झालेली, तिला दाब हेच औषध. शेवंतीच्या वडिलांची वेगळी. रक्त पोचतंय का ते न बघता घट्ट बांधलं तर असलेलं रक्तही बंद.

निवृत्त_कंडक्टर
चुकलो. ताई, माझी सूचना पुढच्या स्टॉपला उतरवली आहे.

लेस्टरचा_पाहुणा
इथे इंग्लंडात पायाचे वेगळे तज्ज्ञ असतात, पोडियाट्रिस्ट म्हणतात, मी तेच काम करतो. शुगरवाल्या प्रत्येकाचे पाय वर्षातून एकदा तपासायचे असा नियम आहे, आणि नवीन जखम दिसली की एका कामाच्या दिवसात स्पेशल टीमकडे पाठवायचं. प्रत्यक्षात इथेही गुजराती पंजाबी आज्या हळद भरूनच येतात, तो भाग सोडा.

घरी करता येण्यासारखी एक टेस्ट. दवाखान्यात नायलॉनचा एक धागा असतो, १० ग्रॅम वजनाला वाकेल असा, तो टोचून विचारतात कळलं का. तो नसेल तर नुसतं बोट. माणसाला झोपवा, डोळे मिटायला सांगा, आणि पायाचा अंगठा, मधलं बोट, करंगळी, दोन्ही पायांची मिळून सहा, एकेकाच्या टोकाला तर्जनीने अगदी हलकं टेकवायचं, एखाददोन सेकंद. दाबायचं नाही, चोळायचं नाही. कळलं की तो सांगेल उजवा डावा. सहापैकी दोन किंवा जास्त चुकली तर पाय बधिर व्हायला लागलाय. इंग्लंडमध्येच इप्सविचला निघालेली टेस्ट आहे.

मोगरा_आणि_मी
आत्ता नवऱ्यावर केली. डोळे मिटून घे म्हटलं आणि पायाला हात लावला तर ताडकन उठून बसला, "पाय का धरतेस, काय केलंस? गाडी ठोकलीस का?"
सहापैकी सहा. गाडीही ठीक आहे.

तिरफळ
आमच्याकडे सातपैकी सात आले. मोजणारी आमची आई.

वर्ध्याची_लेक
हा धागा वाचून आईची फार आठवण आली. ती वर्ध्याकडे कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत नर्स होती, माझं बालपण तिथलंच. डॉक्टर म्हणतात ते "न दुखणारी जखम" प्रकरण आम्ही तिथे रोज बघायचो. आधी लोकांना वाटायचं की हा रोगच मांस कुजवतो, बोटं झडतात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड म्हणून सर्जन होते, १९४६ ला आले, त्यांनी ओळखलं की रोग फक्त नसा मारतो, बाकीची नासधूस न कळता झालेल्या इजांची. कोणी चुलीतून बटाटा हाताने काढतोय, कोणी खिळ्यावर पाय देऊन दिवसभर चालतोय. रात्री झोपेत उंदीर बोटं कुरतडून जायचे आणि सकाळपर्यंत पत्ता नाही, म्हणून पेशंटना मांजरी पाळायला दिल्या होत्या. पायाच्या जखमांना ते प्लास्टर घालायचे, पायाचा भार सगळीकडे वाटला जावा म्हणून, आणि जखम भरली की मऊ स्पंजसारख्या रबराची चप्पल, एमसीआर म्हणतात ती. पुढे ते अमेरिकेत गेले आणि हेच सगळं शुगरच्या पायांना लागू पडलं.

आमच्या वसाहतीत चांभारकामाची शेड होती. मोठमोठे रबराचे पत्रे, आतलं मऊ, खालचं टणक. अंगठा दाबून बघायचे किती आत जातो. मागे पट्टा हवाच, कारण बधिर पायातून चप्पल निसटली तरी माणसाला कळत नाही, तो तसाच पुढे जातो. आणि आईचा एक नियम फार कडक होता, चपलेला चूक, म्हणजे बारीक खिळा, मारायची नाही. शिवायची, चिकटवायची, पण लोखंड नको.

शेवंती, दादांची चप्पल बघितलीस का? उलटी करून, आत हात घालून?

शेवंती
नाही हो, चपलेकडे कोण बघतंय. आईला फोन करते.

शेवंती
मंडळी. हात थरथरतायत टाइप करताना. आईने चप्पल बघितली. कऱ्हाडात बाजारच्या दिवशी दुरुस्त करून आणलेली, अंगठा तुटला होता म्हणून. खालून मारलेली एक चूक वर आलीय, पाव इंच. बरोब्बर त्या जागी. आई म्हणाली बोट फिरवलं तर मलाच लागलं. आणि दादा गणपतीपासून ती घालून मळ्यात.

मोगरा_आणि_मी
अंगावर काटा आला.

तिरफळ
दादांना सांगा, आयुष्यात चुका सगळ्यांच्याच होतात पण त्या पायदळी तुडवायच्या नसतात.
(सॉरी. राहवलं नाही.)

शेवंती
@तिरफळ रडता रडता हसवलंत. दादांना वाचून दाखवलं फोनवर, तेही हसले आणि म्हणाले "पर दुखलं कसं न्हाई?" पहिल्यांदाच ते हा प्रश्न स्वतः विचारतायत.

चिखलदऱ्या
थोडं अवांतर. दोनदा वारी केलीय आळंदीपासून. पायाला फोड सगळ्यांनाच येतात, वाटेत तंबूत फोड फोडून ड्रेसिंग करून देतात. आमच्या दिंडीत एक माउली होते, शुगरवाले, साताठ दिवस चालल्यावर कोणीतरी म्हणालं यांच्या मोज्यातून रक्त येतंय. ते मजेत अभंग म्हणत चाललेले. बघितलं तर अख्ख्या टाचेचं सालटं निघालेलं. पुढे ते ट्रकमधून पंढरपूरला आले, फार हिरमुसले होते. त्यात पावसात भिजून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, त्यातूनही इन्फेक्शन आत जातं. अनवाणी जायचा नवस असेल तर शुगरवाल्यांनी काय करायचं?

वर्ध्याची_लेक
नवस चालणाऱ्याचा असतो, तळव्याचा नसतो. विठोबा चपलेसकट घेतो.

उगाच_एक
गाभाऱ्यात चपलेसकट घेऊन दाखवा म्हणजे झालं.
रच्याकने, भर उन्हात देवळाच्या दगडी अंगणात पाय भाजतात त्याचं काय? दर्शनाच्या रांगेत मोजे तरी चालतात.

लेस्टरचा_पाहुणा
मोजे घातले तर पांढरे घाला, डाग पडला की दिसतो. शिवण बाहेर करून, म्हणजे उलटे. पण मोज्याने ऊन अडत नाही, सकाळी लवकर जा हे बरं.

आणखी एक, कुरूप घालवायच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात, त्यात ॲसिड असतं, बधिर पायाला कधीच लावू नये. मागच्याच महिन्यात एक बाई आल्या, कुरूप गेलं होतं, शेजारी त्याच्या तिप्पट खड्डा.

कऱ्हाडकर_मुंबई
माझ्या बाबांचा पाय सुजलाय, लाल, हाताला गरम लागतो, पण जखम कुठेच नाही आणि दुखत फारसं नाही. शुगर आहे. डॉक्टर म्हणाले लचकला असेल, नाहीतर सेल्युलायटिस, म्हणजे कातडीखालचं इन्फेक्शन. हे वेगळं ना?

लेस्टरचा_पाहुणा
वेगळं, पण तितकंच तातडीचं. शार्को फूट असू शकतं, पायातली छोटी हाडं न कळता मोडत असतात आणि माणूस त्यावर चालत राहतो. कमान बसते आणि पाऊल होडीच्या तळासारखं होतं. खात्री होईपर्यंत त्या पायावर उभं राहू देऊ नका, एक्स-रे आणि लागला तर एमआरआय. आज.

शेवंती
अपडेट, जवळपास तीन आठवड्यांनी. सगळ्यांना वैयक्तिक निरोप लिहायचे होते, जमलं नाही.

मिरजेला नेलं. त्यांनी नाडी बघितली, ठीक होती, घोट्याच्या आणि हाताच्या प्रेशरचं गुणोत्तर १.१. सळई हाडाला टेकली नाही, देवाची कृपा. मग ब्लेडने ती पांढरी कड कापायला लागले, भूल न देता! दादा पेपर वाचत बसले होते, मी मात्र बाहेर गेले. झाल्यावर जखम आधीच्या दुप्पट दिसत होती, मी जवळजवळ भांडलेच की हे काय करून ठेवलंत. ते शांतपणे म्हणाले, एवढीच होती, घट्ट्याखाली झाकलेली होती.

तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) १०.४ टक्के. इन्सुलिन सुरू झालं.

आणि प्लास्टर. दादांचा थयथयाट, गाळप हंगाम चालू आहे, ऊस तुटायचाय, टोळी आलीय, मी प्लास्टर घालून बांधावर कसा जाऊ. डॉक्टरांनी काढता येणारा बूटही दाखवला. @डॉ_साधासुधा, बूट चालेल का? दादांना तो हवाय.

डॉ_साधासुधा
काढता येतो म्हणूनच हवाय त्यांना. घरात "दोन पावलंच तर जायचंय" म्हणून काढतात, आणि दिवसातली निम्मी पावलं घरातच पडतात. नाडी चांगली आहे, इन्फेक्शन नाही, अशा तळव्याच्या जखमेला प्लास्टरच सगळ्यात भरवशाचं. अगदीच ऐकत नसतील तर बूट घालून त्यावरून प्लास्टरची पट्टी गुंडाळून टाकतात, म्हणजे काढताच येणार नाही. पहिलं प्लास्टर दोनतीन दिवसांत उघडून बघायचं, मग आठवड्याला. वास, ताप, आत घासल्यासारखं वाटलं तर लगेच. आणि दुसऱ्या पायावर भार वाढतो, त्याच्याकडे रोज लक्ष.

निवृत्त_कंडक्टर
दादांना म्हणावं ऊसतोडीवर खुर्ची टाकून बसा, मुकादमासारखे. रुबाबही वाढेल.

शेवंती
परत मीच. सात आठवडे झाले. कंडक्टरकाकांची खुर्ची कामाला आली, बांधावर आंब्याखाली खुर्ची, समोर स्टूल, स्टुलावर प्लास्टर, आणि मोबाइलवरून टोळीला हुकूम. आई म्हणते चाळीस वर्षांत एवढं काम केलं नव्हतं.

परवा शेवटचं प्लास्टर निघालं. जखम बंद. जागेवर गुलाबी पातळ कातडी आहे, बाळाच्या टाळूसारखी. डॉक्टर म्हणाले भरली म्हणजे संपलं नाही, भरलेल्यांपैकी साधारण ४० टक्के लोकांना वर्षभरात परत होते. एमसीआर चप्पल करून घेतली मापाने, संध्याकाळी माप घेतलं कारण तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. बिनचुकीची, मागे पट्टा. दिसायला अगदीच बेंगरूळ आहे, दादा म्हणतात लग्नाला घालणार नाही. म्हटलं मग लग्नाला जाऊ नका.

आई रोज रात्री तळवे बघते. दादा सकाळी चप्पल पायरीवर दोनदा आपटून, आत हात फिरवून मगच घालतात. काकवीवर अजून वाटाघाटी चालू आहेत.

कऱ्हाडकर_मुंबई
मस्त बातमी! आमचं शार्कोच निघालं. प्लास्टरमध्ये आहेत, चार महिने तरी म्हणालेत. पाहुण्यांचे आभार, ते 'आज' लिहिलं नसतं तर सोमवारी गेलो असतो.

नवाच_आलोय
धागा शोधत शोधत आलो. वय ५२, शुगर नऊ वर्षं. आत्ता बायकोकडून ती बोटांची टेस्ट करून घेतली. सहापैकी चारच कळली. जखम वगैरे काही नाही. डावा पाय कळला, उजव्याचा अंगठा आणि करंगळी नाही. ती समोर बसून रडतेय. काय करू?

शेवंती
आधी तिला सांगा की जखम नसताना कळलं, आमचं भोक पडल्यावर कळलं. मग उठा आणि चपला बूट जे काय आहे ते सगळं दारात ओता आणि एकेकात हात घालून बघा, तिलाही बघायला लावा, रडायला वेळ मिळणार नाही. या आठवड्यात डॉक्टरकडे जाऊन पाय पुढे करा, ते आपणहून मोजे काढायला सांगतीलच असं नाही. तुमचं गाव कुठलं? मिरज जवळ असेल तर निरोपात पत्ता देते.